कॉम्प्युटरवरचा फुकट ईमेल प्रोग्रॅम कसा निवडायचा, आणि तो पुढे टिकेल का हे कसं ओळखायचं

विंडोजसोबत मेल नावाचा जो साधासा प्रोग्रॅम यायचा ना, पाकिटाच्या चिन्हाचा, तो ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. बंद म्हणजे नुसतं नवीन व्हर्जन यायचं थांबलं असं नाही, त्यातून मेल पाठवता येईना आणि नवीन आलेला दिसेना, आधीचे जे कॉम्प्युटरवर साठलेले होते तेवढे बाहेर काढून घ्यायची सोय ठेवली होती. तो वापरणाऱ्या बऱ्याच लोकांनी तो कधी निवडलाच नव्हता, कॉम्प्युटरमध्ये आयता होता म्हणून वापरत होते, आणि मग एकदम शोधाशोध सुरू झाली की आता काय टाकू. तेव्हापासून मला ओळखीतल्या लोकांचा हाच प्रश्न सारखा येतो, फुकट आणि चांगला कुठला ते सांग, आणि मी आधी त्यांनाच विचारतो की तुमच्याकडे किती वर्षांचे मेल आहेत आणि पुढची किती वर्षं ते हाताशी हवेत.

कारण ईमेल प्रोग्रॅम हा फोटो बघायच्या प्रोग्रॅमसारखा नसतो, आज हा उद्या तो असं करून चालत नाही. त्यात पंधरा पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार असतो, कागदपत्रं असतात, आता हयात नसलेल्या माणसांची पत्रं असतात. मी स्वतः एक प्रोग्रॅम खूप वर्षं वापरला, नाव घेत नाही, दिसायला छान होता, सर्च एकदम झकास, पण तो सगळे मेल स्वतःच्या वेगळ्याच फॉरमॅटमधे ठेवायचा आणि बाहेर काढायचा रस्ता म्हणजे एकेक मेल उघडून सेव्ह करणं. बनवणाऱ्यांनी काम थांबवलं तेव्हा मला सहा हजारांच्या वर मेल सोडवायला तीन शनिवार रविवार लागले, तरी काहींच्या अटॅचमेंट गेल्या त्या गेल्याच. म्हणून आता मी प्रोग्रॅम बघताना त्याच्या दारातून आत जायच्या आधी मागचं दार कुठे आहे ते बघतो.

तर खाली जे लिहितोय त्यात आधी तपासायचं कसं ते सांगतो, मग एकेक प्रोग्रॅम, आणि शेवटी मेल हलवायचे आणि बॅकअप ठेवायचा कसा ते.

आधी हे बघा की तुमचे मेल राहतात कुठे

दोन पद्धती आहेत, आयमॅप आणि पॉप. आयमॅपमधे खरे मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर असतात आणि तुमच्या कॉम्प्युटरवर त्याची कॉपी असते, इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट. पॉपमधे मेल उतरवून घेतले जातात आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून काढूनही टाकले जातात, म्हणजे तुमच्या हार्डडिस्कवरची कॉपी हीच एकमेव कॉपी. हा फरक ज्याला माहीत नाही त्याचंच नुकसान होतं. अकाउंट सेटिंगमधे जाऊन बघा सर्व्हर टाइप काय लिहिलंय, पॉप असेल तर लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर च्या पुढे टिक आहे का आणि किती दिवसांनी काढून टाकायचं लिहिलंय तेही बघा. आयमॅप असेल तर प्रोग्रॅम बदलणं खूप सोपं, नवीन प्रोग्रॅममधे तेच अकाउंट टाकलं की सगळं आपोआप उतरतं. पॉप असेल किंवा लोकल फोल्डर्स मधे, म्हणजे फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर असणाऱ्या फोल्डरमधे काही ठेवलेलं असेल (बरेच जण जागा वाचवायला जुने मेल तिथे ओढतात आणि विसरतात) तर ते हाताने हलवावं लागणार, आणि त्यासाठी जुना प्रोग्रॅम चालू अवस्थेत असायला हवा. त्यामुळे जुना प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करायची अजिबात घाई करू नका.

टिकेल का हे कसं तपासायचं

पहिलं म्हणजे शेवटचं व्हर्जन कधी आलं. प्रोग्रॅमच्या साइटवर रिलीज नोट्स असतात, तिथे जा आणि मागच्या दोन वर्षांच्या तारखा बघा. एक तारीख बघून काही कळत नाही, रांग बघायची. दर महिन्या दोन महिन्यांनी काहीतरी येतंय, त्यात सिक्युरिटी दुरुस्त्या आहेत, तर जीव आहे. वर्षभर काहीच नाही आणि मग एकदम एक छोटं व्हर्जन, पुन्हा शांतता, तर समजा एखादाच माणूस वेळ मिळेल तसं बघतोय. तसं असणं वाईट नाही पण आपल्याला माहीत असायला हवं.

आता हे महत्त्वाचं का, तर ईमेल प्रोग्रॅम जुना ठेवला तर तो फक्त जुना दिसत राहतो असं नाही, एक दिवस तो लॉगिनच होत नाही. गूगलने ३० मे २०२२ पासून पर्सनल अकाउंटला नुसत्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रॅममधून लॉगिन बंद केलं, आणि ऑफिस वगैरेसाठीच्या गूगल अकाउंटना मे २०२५ मधे तेच लागू झालं. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलच्या अकाउंटना १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केलं. आता लॉगिन ओऑथ नावाच्या पद्धतीने होतं, म्हणजे ब्राउझरसारखी खिडकी उघडते, तुम्ही गूगलच्याच पानावर पासवर्ड टाकता आणि प्रोग्रॅमला फक्त एक परवानगीची किल्ली मिळते, पासवर्ड मिळत नाही. ज्या जुन्या प्रोग्रॅमला हे येत नाही तो कितीही आवडता असला तरी या अकाउंटसाठी निकामी. गूगलमधे टू स्टेप (दोन टप्प्यांचं लॉगिन) चालू करून जुन्या प्रोग्रॅमसाठी वेगळा अ‍ॅप पासवर्ड तयार केला तर अजून जुने प्रोग्रॅम चालवता येतात, पण ती तात्पुरती पळवाट समजा, त्यावर पुढच्या दहा वर्षांचं गणित बांधू नका. एन्क्रिप्शनचं, म्हणजे मेल वाटेत कोणी वाचू नये म्हणून लावायच्या कुलपाचंही तसंच, टीएलएस १.० आणि १.१ या जुन्या पद्धती मार्च २०२१ मधे अधिकृतपणे मोडीत काढल्या गेल्या, सर्व्हरवाले त्या एकेक करून बंद करत गेले आणि न सुधारलेल्या प्रोग्रॅमना सर्व्हर दारातच उभा करेना.

दुसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, पैसे कोण देतंय. फुकट प्रोग्रॅम फुकट बनत नाही. कोणीतरी पगार देतं किंवा कोणीतरी आपली रात्र देतं. मग ते जाहिरातीतून येतात का, विकत घ्यायच्या व्हर्जनमधून येतात का, देणग्यांमधून येतात का, की मोठी कंपनी आपल्या दुसऱ्या कुठल्या धंद्यासाठी हे चालवते आहे, हे शोधा. प्रत्येकात धोका वेगळा आहे. युडोरा हा ईमेल प्रोग्रॅम एके काळी लाखो लोक वापरायचे, क्वालकॉमसारखी मोठी कंपनी मागे होती, पण त्या कंपनीचा धंदा मोबाइल चिपचा, २००६ मधे युडोराचं काम थांबवलं. मॅकवरचा स्पॅरो लोकांना इतका आवडायचा, जुलै २०१२ मधे गूगलने ती टीम घेतली आणि नवीन फीचर यायचं तिथेच थांबलं. पोस्टबॉक्स तर पैसे देऊन घ्यायचा होता, आयुष्यभराचं लायसन्स विकत होते, २०२४ मधे ईएम क्लायंट या दुसऱ्या ईमेल प्रोग्रॅमवाल्यांनी तो विकत घेतला आणि पोस्टबॉक्स बंद. म्हणजे पैसे दिले की टिकतोच असंही नाही, आणि आयुष्यभर या शब्दात आयुष्य प्रोग्रॅमचं असतं, आपलं नाही.

तिसरं, सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर, सगळ्यांना खुला आहे का. खुला असेल तर मूळ लोक सोडून गेले तरी दुसरं कोणी उचलू शकतं, आणि हे नुसतं पुस्तकी नाही, खरंच झालेलं आहे. गिअरी हा लिनक्सवरचा ईमेल प्रोग्रॅम बनवणारी योर्बा ही संस्था बंद पडली, ग्नोमच्या (लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या गटाच्या) लोकांनी तो सांभाळला. नायलस मेल या प्रोग्रॅमवर त्याच्या कंपनीने २०१७ मधे काम थांबवलं, त्याच कोडवर मेलस्प्रिंग उभा राहिला. मात्र कोड खुला आहे म्हणजे कोणीतरी उचलेलच अशी खात्री धरू नका. युडोराचा कोड २०१८ मधे कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सगळ्यांसाठी खुला केला, पण तोवर बारा वर्षं उलटली होती आणि लोक कधीच पांगले होते.

चौथं, मेल कुठल्या फॉरमॅटमधे ठेवतो आणि बाहेर कसे देतो. एमबॉक्स, मेलडिर किंवा ईएमएल हे शब्द दिसले की जीव भांड्यात पडतो. एमबॉक्स म्हणजे एका फोल्डरचे सगळे मेल एकाखाली एक लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमधेही उघडते. मेलडिरमधे आणि ईएमएलमधे एका मेलची एक फाइल. हे फॉरमॅट कुठल्या एका कंपनीचे नाहीत, उद्या कुठलाही प्रोग्रॅम ते वाचू शकेल.

आता एकेक प्रोग्रॅम

थंडरबर्डवर मी जास्त लिहिणार आहे कारण बहुतेकांना शेवटी तोच घ्यावा लागतो, आणि "अरे तो तर बंद झाला ना" ही अफवा अजून फिरते. अफवेला कारण आहे. २००४ च्या डिसेंबरमधे पहिलं १.० आलं, फायरफॉक्सवाल्या मोझिलाचाच. पण जुलै २०१२ मधे मोझिलाने जाहीर केलं की आता यात नवीन काही फारसं करणार नाही, सिक्युरिटी दुरुस्त्या देऊ आणि बाकी समाजाने बघावं. २०१५ च्या शेवटी तर फायरफॉक्सपासून तो वेगळा काढायचीच चर्चा सुरू झाली. ती चारपाच वर्षं खरंच वाईट होती, ज्यांनी तेव्हा सोडला त्यांना दोष देता येत नाही. नंतर २०१७ मधे ठरलं की मोझिला फाउंडेशनच्या छत्राखालीच राहील, आणि जानेवारी २०२० मधे त्यासाठी एमझेडएलए टेक्नॉलॉजीज अशी वेगळी कंपनी काढली, फाउंडेशनच्याच मालकीची. तेव्हापासून गाडी रुळावर आहे. पैसा जवळजवळ सगळा वापरणाऱ्यांच्या देणग्यांतून येतो, २०२२ मधे ६४ लाख डॉलर आणि २०२३ मधे ८६ लाख डॉलर जमले, आणि हे आकडे ते स्वतः दरवर्षी मांडतात. मला हेच सगळ्यात जास्त पटतं, की लाखो लोकांनी थोडे थोडे दिलेत, एका मोठ्या देणाऱ्याचं मन बदललं म्हणून सगळं कोसळेल असं नाही.

कामही दिसतं. २०२० च्या ७८ व्हर्जनपासून ओपनपीजीपी एन्क्रिप्शन आतच आलं, आधी त्यासाठी वेगळं अ‍ॅडऑन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लागायचं. २०२३ च्या ११५ मधे रूप बदललं, ते काहींना आवडलं नाही पण जुन्या पद्धतीची टेबलसारखी यादी परत लावता येते. अँड्रॉइडवरचा के नाइन मेल २०२२ मधे त्यांच्यात आला आणि ऑक्टोबर २०२४ मधे थंडरबर्ड या नावाने फोनवर आला. २०२५ च्या मार्चपासून दर महिन्याला नवीन व्हर्जन येतं, आणि ज्यांना सारखे बदल नकोत त्यांच्यासाठी ईएसआर नावाचं वर्षातून एकदाच मोठं बदलणारं व्हर्जन आहे, मधे फक्त दुरुस्त्या. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर टाकत असाल तर ईएसआरच टाका, बटणं जागच्या जागी राहतात. नोव्हेंबर २०२५ च्या १४५ व्हर्जनपासून मायक्रोसॉफ्ट एक्सचेंजची (बऱ्याच ऑफिसांमधे असते ती मायक्रोसॉफ्टची मेल व्यवस्था) अकाउंट थेट जोडता येतात, पण ते ज्या ईडब्ल्यूएस पद्धतीवर चालतं ती मायक्रोसॉफ्ट आपल्या क्लाउडवर ऑक्टोबर २०२६ पासून बंद करायला घेणार आहे, थंडरबर्डवाले पुढच्या ग्राफ नावाच्या पद्धतीवर काम करतायत. म्हणून ऑफिसचं अकाउंट एक्सचेंजवर असेल तर अपडेट अजिबात अडवून ठेवू नका.

उणिवा आहेतच. मोठे फोल्डर असले की जड होतो, सर्च दोन प्रकारचा आहे आणि कुठला कधी वापरायचा ते नवीन माणसाला कळत नाही, आणि जुनी अ‍ॅडऑन ७८ नंतर बरीचशी मेली, त्यामुळे एखाद्या अ‍ॅडऑनवर सगळं काम अवलंबून ठेवू नका. जुना कॉम्प्युटर असेल तर हेही लक्षात घ्या की विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी शेवटची मालिका ११५, त्यानंतरच्याला विंडोज १० लागतं.

बेटरबर्ड हा थंडरबर्डच्याच ईएसआरवरून बनवलेला, छोट्या गटाचा, काही चुका ते आधी दुरुस्त करतात. चांगला आहे, पण त्याचं आयुष्य थंडरबर्डवर टांगलेलं आहे. उलट जायची वाट मोकळी असते हा फायदा.

नवीन आउटलुक, जो मायक्रोसॉफ्टने जुन्या मेलच्या जागी बसवला, तो फुकट आहे आणि मागे पैशाची चणचण नाही, त्यामुळे उद्या बंद पडेल अशी भीती नाही. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. फुकट अकाउंटवर इनबॉक्समधे जाहिराती दिसतात. आणि तुम्ही जीमेल किंवा दुसरं कुठलं आयमॅप अकाउंट जोडलं तर ते मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरून सिंक होतात, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम थेट तुमच्या सर्व्हरशी बोलत नाही, मधे मायक्रोसॉफ्ट असतं. जोडताना ते विचारतात पण आपण वाचत नाही, पुढे पुढे करत ओके दाबतो. ज्याचं सगळं मायक्रोसॉफ्टवरच आहे त्याला काही फरक पडत नाही, पण ज्याने मुद्दाम वेगळ्या ठिकाणी अकाउंट घेतलंय त्याने विचार करावा, मी तरी नाही जोडणार. आणि हा कंपनीचा पहिला फुकट प्रोग्रॅम नाही, आउटलुक एक्सप्रेस होता, मग विंडोज मेल, मग विंडोज लाइव्ह मेल जो जानेवारी २०१७ मधे सपोर्टमधून गेला, मग हा पाकिटवाला. दर काही वर्षांनी घर बदलायची तयारी ठेवा.

मॅकवाल्यांना अ‍ॅपल मेल आयता मिळतो आणि साध्या वापराला तो खरंच पुरतो. त्याचं आयुष्य मॅकओएसला बांधलेलं आहे, तुमच्या मशीनला नवीन मॅकओएस मिळणं थांबलं की मेलही तिथेच थांबतो. पण मेलबॉक्स मेन्यूत एक्सपोर्ट मेलबॉक्स आहे, एमबॉक्स बाहेर पडतो, म्हणजे दार उघडं आहे.

ईएम क्लायंट दिसायला आणि वापरायला मला थंडरबर्डपेक्षा नीटनेटका वाटतो, कॅलेंडर वगैरे सगळं एका जागी, बॅकअप आतच. फुकटमधे दोनच अकाउंट आणि फक्त घरगुती वापर, धंद्यासाठी चालत नाही. कोड बंद आहे, कंपनी लायसन्स विकून चालते, जोवर विकत घेणारे आहेत तोवर फुकटवाल्यांचंही चालेल. मेलबर्डचं तसंच, फुकटमधे अकाउंट एकच. दोन्हीकडे फुकटची मर्यादा उद्या आणखी कमी करणं कंपनीच्या हातात असतं, ते धरून चाला.

मेलस्प्रिंग सुंदर आहे, कोड खुला आहे, पण पॉप येत नाही, आणि काही सोयी पैसे देणाऱ्यांसाठी राखलेल्या. विवाल्डी ब्राउझर वापरत असाल तर त्यात जून २०२२ पासून मेल आलाय, जुन्या ऑपेरा मेलची आठवण ज्यांना येते त्यांना तो लगेच हाताला बसतो, ऑपेरा सोडलेल्याच लोकांनी विवाल्डी काढली आहे. फक्त ब्राउझर आणि मेल एकाच टोपलीत.

लिनक्सवर असाल तर इव्होल्यूशन. २००१ पासून आहे, ग्नोमच्या लोकांच्या हातात आहे, एक्सचेंजशी फार आधीपासून जमवून घेतो, आणि फाइल मेन्यूत बॅकअपचं एकच बटण दाबलं की अकाउंट सेटिंगसकट सगळं एका फाइलमधे. मेल मेलडिरमधे ठेवतो. मला दिसायला कंटाळवाणा वाटतो पण विश्वासाचा आहे. केमेल केडीईवाल्यांचा (हाही लिनक्सचा डेस्कटॉप बनवणारा गट), सोयी भरपूर, मात्र त्याच्यामागे अकोनाडी नावाचा जो डेटाबेस चालतो तो बिघडला की नवीन माणूस गोंधळतो. गिअरी हलका, फक्त आयमॅप. क्लॉज मेल २००१ पासून चालत आलाय, जुन्या कॉम्प्युटरवर भुर्रकन उघडतो, एका मेलची एक फाइल ठेवतो, पण एचटीएमएल मेल, म्हणजे रंग आणि ठळक अक्षरं वगैरे असलेला, लिहिता येत नाही, आणि २०२१ पासून ओऑथ आलं तरी ते जोडायला थोडी खटपट आहे.

आणि पेगासस मेलचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. न्यूझीलंडचे डेव्हिड हॅरिस १९९० पासून तो फुकट देतायत. जानेवारी २००७ मधे त्यांनी थांबतोय असं जाहीर केलं, लोकांनी इतका आग्रह केला की काम परत सुरू झालं. एवढी वर्षं एका माणसाने टिकवलं याबद्दल मनापासून आदर आहे, तरी आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तो सुचवणार नाही, कारण सगळं एका माणसाच्या खांद्यावर.

मग घेऊ कुठला

विंडोजवर आणि अनेक अकाउंट असतील तर थंडरबर्ड, ईएसआर. लिनक्सवर ऑफिसचं एक्सचेंज असेल तर इव्होल्यूशन, नाहीतर थंडरबर्ड. मॅकवर आधी अ‍ॅपल मेलच वापरून बघा. एकदोनच अकाउंट आहेत, घरगुती आहे आणि टापटीप हवी तर ईएम क्लायंट. हे माझं मत, तुमची गरज वेगळी असेल तर वरच्या चार गोष्टी लावून बघा.

मेल हलवायचे कसे

नवीन प्रोग्रॅम टाकला की आधी एकच अकाउंट जोडा, ते पण कमी महत्त्वाचं. थंडरबर्डमधे नाव, पत्ता टाकला की सर्व्हरची माहिती तो स्वतः शोधतो, नाही सापडली तर कॉन्फिगर मॅन्युअली दाबून आयमॅपला पोर्ट ९९३, पाठवायच्या एसएमटीपीला ४६५ किंवा ५८७, आणि गूगल मायक्रोसॉफ्टसाठी लॉगिनच्या पद्धतीत ओऑथ २ निवडा. पासवर्ड बरोबर असून सारखा नाकारतोय असं झालं तर दहातल्या नऊ वेळा तिथे नॉर्मल पासवर्ड राहिलेलं असतं.

आयमॅपचे मेल आपोआप येतील, वेळ लागू द्या, रात्रभर चालू ठेवला तरी हरकत नाही. लोकल फोल्डरमधले जुने मेल हलवायची सगळ्यात भरवशाची युक्ती अशी की जुन्या प्रोग्रॅममधेच तुमच्या आयमॅप अकाउंटमधे एक फोल्डर बनवा, जुने असं काहीतरी नाव द्या, आणि लोकलमधून तिथे कॉपी करा, मूव्ह नाही, कॉपी. मग ते सर्व्हरवर चढतात आणि नवीन प्रोग्रॅममधे आपसूक दिसतात, फॉरमॅटची भानगडच नाही. एका वेळी पाचशे ते एक हजार मेल घ्या, सगळे एकदम ओढले की मधेच अडकतं आणि कुठपर्यंत गेले ते कळत नाही. ऑफिसच्या गूगल अकाउंटला आयमॅपवरून दिवसाला ५०० एमबीच चढवता येतात, म्हणून मोठा साठा असेल तर आठवडा धरा. प्रत्येक फोल्डरचे आकडे जुळवा, जुन्यात ८१२ आणि नव्यात ८१२. दोनचार मेल उघडून अटॅचमेंट खरंच उघडतायत का आणि देवनागरी नीट दिसतंय का ते बघा, जुन्या मेलमधे कधी कधी अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात, तेव्हा थंडरबर्डमधे व्ह्यूमधलं रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग दाबून बघा.

जुना प्रोग्रॅम लॉगिनच होत नसेल पण उघडत असेल तर एक्सपोर्टचा पर्याय शोधा आणि ईएमएल किंवा एमबॉक्समधे काढा. थंडरबर्डमधे हे आत घ्यायला इम्पोर्ट एक्सपोर्ट टूल्स एनजी नावाचं अ‍ॅडऑन आहे, एका फोल्डरभर ईएमएल एकदम घेतं.

जीमेलवाल्यांनो एक लक्षात ठेवा, जीमेलमधे फोल्डर नसतात, लेबलं असतात, तीच आयमॅपमधे फोल्डर म्हणून दिसतात. म्हणून एकच मेल इनबॉक्समधे आणि ऑल मेलमधे दोन्हीकडे दिसेल आणि डिस्कवर दुप्पट जागा खाईल. जागा कमी असेल तर ऑल मेल सोडून बाकीची लेबलं आयमॅपमधे लपवा, ती जीमेलच्या वेबसाइटवर सेटिंगमधे लेबल्सच्या पानावर शो इन आयमॅप ची टिक काढून लपवता येतात.

बॅकअप

आयमॅप आहे म्हणजे बॅकअप आहे असं नाही. अकाउंट लॉक झालं, किंवा कोणी आत शिरून सगळं उडवलं, तर तुमच्या कॉम्प्युटरवरची कॉपीही पुढच्या सिंकला रिकामी होणार. म्हणून वेगळी कॉपी हवीच.

थंडरबर्डमधे सगळं एका प्रोफाइल फोल्डरमधे असतं. हेल्प मेन्यूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा, तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर ओपन फोल्डर आहे. फोल्डर सापडला की थंडरबर्ड पूर्ण बंद करा, नुसती खिडकी नाही, प्रोग्रॅम बंद, आणि मग तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, नावात तारीख आणि व्हर्जन नंबर टाका. व्हर्जन नंबर का, तर नवीन व्हर्जनने वापरलेलं प्रोफाइल जुन्या व्हर्जनमधे उघडायला गेलात तर तो नकार देतो, तेव्हा कुठलं व्हर्जन टाकायचं ते कळायला हवं. टूल्समधे एक्सपोर्ट पण आहे पण ते २ जीबीपेक्षा मोठ्या प्रोफाइलला चालत नाही, हाताने कॉपी करणंच बरं. कॉपी करायच्या आधी अकाउंट सेटिंगमधे सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज मधे बघा की मेल या कॉम्प्युटरवर ठेवा ला टिक आहे, आणि ठरावीक दिवसांचेच ठेवा असं काही निवडलेलं नाही, नाहीतर फक्त शीर्षकांचा बॅकअप घेऊन बसाल.

आत मेल आणि आयमॅप मेल असे दोन फोल्डर दिसतील, त्यात ज्या फाइलना काहीच एक्स्टेन्शन नाही त्या खऱ्या एमबॉक्स, आणि त्याच नावाच्या एमएसएफ फाइल म्हणजे नुसती सूची, ती बिघडली तर प्रोग्रॅम बंद करून उडवली तरी परत बनते. एमबॉक्स मात्र चुकूनही उडवू नका.

आणि बॅकअप घेतल्यावर तो उघडून बघा, हे लोक करत नाहीत. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच व्हर्जन टाका, इंटरनेट बंद ठेवा, प्रोफाइल मॅनेजरमधून कॉपी केलेला फोल्डर निवडा आणि पाच वर्षांपूर्वीचा एखादा अटॅचमेंटवाला मेल शोधून उघडा. उघडला तर झालं, जुना प्रोग्रॅम आता काढला तरी चालेल, मी तरीही एक महिना तसाच ठेवतो.